उमेदवारीचे श्रेय

(आकाशवाणीवरून प्रसारित झालेल्या भाषणाचे संपादित रूप)

माझा भाचा एका औष्णिक वीज केंद्रात वर्षभर शिकाऊ उमेदवार होता. बारावी झाल्यावर त्याने आयटीआयमध्ये इलेक्ट्रिशियनचा दोन वर्षांचा कोर्स केला आणि २०१८ मध्ये तो तिथे लागला. ‘लागला’ हा घरच्या माणसांचा शब्द. खरे तर तो नोकरीला लागला नव्हता, शिकायला लागला होता. पण हा फरक आमच्या घरात कोणालाच नीट उमगला नव्हता. माझ्या बहिणीने तर मोहल्ल्यात पेढे वाटले.

वर्ष संपले. उमेदवारी संपली. हातात एक प्रमाणपत्र आले, नोकरी आली नाही. आता पुढे शिकावे म्हणून तो ते प्रमाणपत्र घेऊन एका कॉलेजच्या खिडकीवर गेला. वर्षभराच्या या शिक्षणाचे पदवीच्या अभ्यासात काही मोजले जाईल का, एवढाच त्याचा प्रश्न होता. खिडकीतल्या गृहस्थांनी कागद उलटसुलट पाहिला आणि परत केला. ‘हे कामाचे आहे, अभ्यासाचे नाही,’ असे ते म्हणाले. त्यांचेही काही चुकले नाही. तेव्हाचा नियमच तसा होता. 

संध्याकाळी भाचा माझ्याकडे आला. चहा समोर तसाच राहिला. म्हणाला, “मामू, वर्षभर जे शिकलो ते कुठं गेलं?”

मी बी.ए. झालेला, कविता लिहिणारा माणूस. बॉयलर मी लांबूनच पाहिलेला. पण त्याच्या प्रश्नाने मला स्वस्थ बसू दिले नाही. आज त्याच प्रश्नाविषयी बोलायचे आहे, कारण आता त्याला काही उत्तर मिळू लागले आहे आणि ते आपल्या पुष्कळ घरांपर्यंत पोचलेले नाही.

आधी तो वर्षभर काय शिकला ते सांगतो. त्यानेच मला कागदावर रेघा ओढून समजावले होते.

औष्णिक केंद्रात कोळसा दळून त्याची पूड करतात आणि ती बॉयलरच्या भट्टीत हवेबरोबर फुंकतात. भट्टीभोवतीच्या नळ्यांमधल्या पाण्याची वाफ होते. ती आणखी तापवून सुमारे ५४० अंश सेल्सियसपर्यंत नेतात आणि टर्बाइनच्या पात्यांवर सोडतात. टर्बाइन मिनिटाला ३००० फेरे घेते, म्हणजे सेकंदाला ५०. आपल्या घरातल्या विजेची वारंवारता ५० हर्ट्झ असते ती याच फेऱ्यांमुळे. काम झालेली वाफ कंडेन्सरमध्ये थंड होऊन पुन्हा पाणी होते आणि परत बॉयलरकडे जाते. कोळशाची राख धुराड्याच्या आधी विजेच्या साहाय्याने पकडतात. आपल्या देशी कोळशात राखेचे प्रमाण बरेच असते, त्यामुळे तो एक वेगळाच व्याप असतो.

एवढे पुस्तकातही असते. पुस्तकात नसते ते पुढचे. अतितप्त वाफेची गळती डोळ्यांना दिसत नाही. आपण चहाच्या किटलीवर पाहतो तो पांढरा ढग म्हणजे थंड होऊ लागलेले पाण्याचे कण. खरी जहाल वाफ पारदर्शक असते. ती कानाने ओळखावी लागते, आणि आवाज कुठून येतो ते शोधायला हात पुढे करायचा नसतो. पंपाच्या बेअरिंगचे तापमान दर पाळीत लिहून ठेवायचे. आकडा मर्यादेत असला तरी कालच्यापेक्षा चार अंशांनी का वाढला, हे विचारायचे. दुरुस्तीला हात लावण्यापूर्वी परमिट घ्यायचे. वीज तोडली का, ब्रेकर बाहेर काढला का, पाटी लावली का, झडपा बंद केल्या का, अर्थिंग झाले का, हे पाहूनच सही करायची. एका सहीवर माणसाचा जीव असतो. पाळी बदलताना येणाऱ्याला सगळे सांगून मगच घरी जायचे.

आता मला सांगा, हे शिक्षण नाही तर काय आहे?

आपल्या भाषेत यासाठी फार सुंदर शब्द आहे. उमेदवार. मूळ फारसी. ‘उमेद’ म्हणजे आशा आणि ‘उमेदवार’ म्हणजे ती बाळगणारा. निवडणुकीला उभा राहणारा उमेदवार आपल्याला ठाऊक असतो, पण त्याच्याही आधीपासून मराठीत ‘उमेदवारी करणे’ म्हणजे जाणत्या माणसाच्या हाताखाली राहून काम शिकणे. सुताराकडे, छापखान्यात, वकिलाकडे माणसे उमेदवारी करत आली. सरकारने १९६१ मध्ये शिकाऊ उमेदवारीचा कायदा केला. हा कायदा सुरुवातीला आयटीआयच्या पद्धतीच्या कारागिरी व्यवसायांसाठी होता. १९७३ च्या दुरुस्तीने पदवीधर आणि पदविकाधारक अभियंतेही त्यात आले.

हा कायदा काय देतो आणि काय देत नाही, हे घराघरात माहीत असायला हवे. तो उमेदवाराला लेखी करार देतो, शिकवण्याची जबाबदारी आस्थापनेवर टाकतो, पगार नव्हे पण विद्यावेतन देतो. कायद्याच्या दृष्टीने उमेदवार हा प्रशिक्षणार्थी असतो, कामगार नसतो. आणि मुदत संपल्यावर त्याला नोकरीवर घेतलेच पाहिजे असे बंधन मालकावर नाही. आमच्या घरी पेढे वाटले गेले ते हे न कळल्यामुळे. नोकरी मिळणार नसेल तर निदान शिकलेले तरी कुठे जमा झाले पाहिजे, ही भाच्याची तक्रार होती. आणि ती रास्त होती.

काम शिकता शिकता कॉलेजचे क्रेडिट मिळवायचे, ही कल्पना अमेरिकेत बरीच रुळलेली आहे. तिथे शिकाऊ उमेदवारीचा राष्ट्रीय कायदा १९३७ मध्ये झाला. नोंदणीकृत उमेदवारीत सर्वसाधारणपणे किमान २००० तास प्रत्यक्ष कामावर आणि त्याच्या जोडीला दर वर्षी १४४ तास वर्गातला संबंधित अभ्यास, अशी त्यांची रीत आहे. दुसऱ्या महायुद्धानंतर हजारो सैनिक घरी परतले. त्यांनी सैन्यात रेडिओ, इंजिने, रुग्णसेवा असे कितीतरी शिकलेले. त्यांना पहिल्या वर्गापासून बसवायचे का, असा प्रश्न कॉलेजांपुढे आला. तेव्हा अमेरिकन कौन्सिल ऑन एज्युकेशन या संस्थेने सैनिकी प्रशिक्षणाचा अभ्यास करून कोणत्या प्रशिक्षणाला किती क्रेडिट द्यावे याची शिफारस करायला सुरुवात केली. पुढे कंपन्यांतल्या प्रशिक्षणालाही तीच पद्धत लागू झाली. त्यामुळे तिथल्या वीज केंद्रात तंत्रज्ञाची उमेदवारी करणारा माणूस त्या प्रशिक्षणाचे मूल्यमापन झालेले असेल तर ते क्रेडिट घेऊन जवळच्या कम्युनिटी कॉलेजात जातो आणि तेवढा अभ्यास त्याला पुन्हा करावा लागत नाही. अर्थात शिफारस ही शिफारस असते. मान्य करायची की नाही ते ते कॉलेज ठरवते.

आपल्याकडे ही वाट हळूहळू तयार झाली. २०१३ च्या अखेरीस राष्ट्रीय कौशल्य पात्रता आराखडा आला आणि कारागिरीच्या शिक्षणाला पायऱ्या मिळाल्या. २०१४ मध्ये विद्यापीठ अनुदान आयोगाने बी.व्होक. ही पदवी आणली. तिच्यात साठ टक्के भाग कौशल्याचा आणि चाळीस टक्के सामान्य शिक्षणाचा असतो. २०२० मध्ये आयोगाने पदवीच्या अभ्यासक्रमातच उमेदवारी गुंफण्याची मार्गदर्शक तत्त्वे काढली. २०२१ मध्ये अॅकॅडेमिक बँक ऑफ क्रेडिट्स सुरू झाली. आणि २०२३ मध्ये राष्ट्रीय क्रेडिट आराखडा आला. शाळा, कॉलेज आणि कौशल्यशिक्षण या तिन्ही घरांना त्याने एकाच मापाचा हिशेब दिला.

मराठीत क्रेडिटला ‘श्रेयांक’ म्हणतात. मला हा शब्द आवडला. ज्याचे श्रेय त्याला, आणि तेही आकड्यात.

हा हिशेब अवघड नाही. शिकण्याचे ३० तास म्हणजे एक श्रेयांक. वर्षाचे १२०० तास धरले आहेत, म्हणजे ४० श्रेयांक. तीन वर्षांच्या पदवीला साधारण १२० श्रेयांक लागतात. हे तास वर्गातलेच असले पाहिजेत असे नाही. प्रयोगशाळेतले, कार्यशाळेतले, कामावरच्या प्रशिक्षणाचे आणि उमेदवारीचे तासही त्यात धरता येतात. समजा, एका विद्यार्थ्याच्या अभ्यासक्रमात एक पूर्ण सत्र वीज केंद्रातल्या उमेदवारीचे आहे. सत्राचे ६०० तास, म्हणजे २० श्रेयांक. पदवीचा सहावा हिस्सा त्याने वर्गात न बसता टर्बाइनच्या शेजारी उभे राहून मिळवला, आणि वर विद्यावेतनही घेतले.

इथे बरेच जण फसतात, म्हणून सावकाश सांगतो. वीज केंद्रात ६०० तास हजेरी लावली की २० श्रेयांक आपोआप पडतात, असे नाही. श्रेयांक तासांनी मोजतात, पण मिळतात ते परीक्षेने. आराखड्याची अटच आहे की जे शिकले त्याचे मूल्यमापन झाले पाहिजे. मूल्यमापन नाही तर श्रेयांक नाही. माझ्या भाच्याने पंपाच्या नोंदी वर्षभर लिहिल्या, पण त्या लिहिताना तो काय शिकला हे कॉलेजच्या मापाने कोणी तपासलेच नाही. त्याचे सगळे ज्ञान त्याच्या हातात आणि कानात राहिले. 

मिळालेले श्रेयांक ठेवायचे कुठे? त्यासाठीच ती बँक. विद्यार्थ्याचे तिथे खाते असते. डिजिलॉकरवरून ते उघडता येते आणि बारा अंकी क्रमांक मिळतो. विद्यार्थी आपल्या हाताने तिथे काही भरू शकत नाही. ज्या संस्थेने श्रेयांक दिले तीच ते जमा करते. म्हणून ती संस्था या व्यवस्थेत नोंदलेली आहे का, हे आधी पाहावे. २०२१ च्या नियमांत श्रेयांकांना साधारण सात वर्षांची मुदत घातली होती. हे सोने नव्हे, की पेटीत टाकून नातवाला द्यावे. वेळेत वापरावे लागते.

आता आपल्या मुलामुलींना प्रत्यक्षात कोणत्या वाटा आहेत? मला तीन दिसतात.

पहिली वाट पदवीच्या आतून जाणारी. ज्या कॉलेजने अभ्यासक्रमातच उमेदवारी गुंफली आहे तिथे प्रवेश घ्यायचा. मग वीज केंद्र, कॉलेज आणि विद्यार्थी यांच्यात आधीच ठरलेले असते की काय शिकवायचे, कोण तपासणार, किती श्रेयांक. ही वाट सगळ्यात सरळ.

दुसरी वाट आयटीआयची. दोन वर्षांचे आयटीआय झालेल्याला महाराष्ट्रात अभियांत्रिकी पदविकेच्या थेट दुसऱ्या वर्षाला प्रवेश मिळू शकतो. तिथून पुढे पदवीच्या थेट दुसऱ्या वर्षाला. ही सोय क्रेडिट आराखड्याच्या पुष्कळ आधीची आहे, आणि तरीही कितीतरी पालकांना ठाऊक नाही. दहावीनंतर आयटीआय केले आणि बारावी नाही, अशांसाठी भाषेचे विषय देऊन समकक्षता मिळवण्याचीही सोय आहे. 

तिसरी वाट आधीच काम शिकलेल्यांची. दहा-दहा वर्षे ठेकेदाराकडे बॉयलरवर काढलेली माणसे आपल्याकडे आहेत. त्यांच्या पूर्वज्ञानाची परीक्षा घेऊन ते मान्य करण्याची तरतूद नव्या आराखड्यात आहे. पण इथे जपून. एखाद्या मान्यताप्राप्त संस्थेने परीक्षा घेतली तरी कॉलेज ते किती धरील हे कॉलेजवर असते. शिवाय श्रेयांक म्हणजे प्रवेश नव्हे. प्रवेशाची पात्रता वेगळी पूर्ण करावी लागते.

कोणतीही वाट असो, विचारायचे ते उमेदवारी सुरू होण्याआधी विचारायचे. करार शासनाच्या पोर्टलवर नोंदला आहे का? उमेदवारी कोणत्या व्यवसायाची, आणि तिची पायरी कोणती? शेवटी परीक्षा कोण घेणार? श्रेयांक देणारी संस्था कोणती? आणि मला जिथे पुढे शिकायचे आहे ते कॉलेज ते लेखी मान्य करील का? ‘लेखी’ या शब्दावर माझा भर आहे. ‘होऊन जाईल, काळजी करू नका’ हे वाक्य मी आयुष्यात फार ऐकले आहे. खिडकीवर ते चालत नाही. 

आणि रोजची वही ठेवावी. आज कोणत्या यंत्रावर होतो, काय पाहिले, काय केले, कोणी शिकवले, खाली पर्यवेक्षकाची सही. साध्या शंभर पानी वहीचे काम आहे. उद्या कोणी विचारले की तू काय शिकलास, तर ती वही तोंडापेक्षा चांगले बोलेल.

आता कॉलेजची बाजूही ऐकली पाहिजे. एक प्राध्यापक मित्र मला म्हणाले, “मापकावरचा आकडा वाचता येणे आणि ऊष्मागतिकी समजणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.” खरे आहे. कोराडीचे ६६० मेगावॉटचे संच घ्या. तिथे वाफेचा दाब इतका चढवतात की पाणी उकळण्याची पायरीच उरत नाही. साधारण २२१ बारच्या पुढे पाणी आणि वाफ असा भेदच राहत नाही. हे का होते, ते नुसते संचाशेजारी उभे राहून कळणार नाही. त्यासाठी फळा, खडू आणि गणित लागते. अमेरिकेतले ते १४४ तास उगाच नाहीत. पण त्याच मित्राला मी विचारले, की तुमच्या वर्गातल्या किती मुलांनी चालू टर्बाइनचा आवाज ऐकला आहे? ते हसले. आमचे भांडण तिथेच मिटले. दोन्ही हवे, आणि दोन्हींचा हिशेब एकाच वहीत हवा.

हा प्रश्न केवळ एका भाच्याचा नाही. महाराष्ट्रात चंद्रपूर, कोराडी, खापरखेडा, परळी, भुसावळ, पारस, नाशिकजवळचे एकलहरे अशी वीज केंद्रांची गावे आहेत. कोणाची जमीन गेली, कोणाच्या छपरावर राख पडली. त्या घरांतली मुले याच केंद्रांत उमेदवारीला जातात. त्यातच जुने संच बंद होत आले आहेत. कोराडीचे, परळीचे, भुसावळचे पहिले संच आता इतिहासजमा झाले. परळीचे केंद्र तर २०१५ मध्ये पाण्यावाचून बंद ठेवावे लागले होते. ज्याचे ज्ञान एकाच केंद्राच्या फाटकाआत किंमत धरते, त्याने फाटक बंद झाल्यावर काय करावे? श्रेयांक असले तर ते ज्ञान फाटकाबाहेर नेता येते. ते घेऊन तो सौर ऊर्जेकडे जाईल, कारखान्यात जाईल, नाहीतर कॉलेजात जाईल. शिवाय नोकरी मिळाली तरी तंत्रज्ञाच्या डोक्यावर एक छत असते. पदविका-पदवीवाचून अभियंत्याच्या खुर्चीपर्यंत जाता येत नाही. काम तेच जाणतो, पण सही दुसरा करतो. 

भाच्याचे पुढे काय झाले, ते सांगून थांबतो. कॉलेजच्या खिडकीवरून परतल्यावर त्याने पदविकेच्या थेट दुसऱ्या वर्षाला प्रवेश घेतला. आयटीआयची दोन वर्षे त्याच्या कामी आली. उमेदवारीचे वर्ष मात्र कुठेच धरले गेले नाही. आज तो बरा कमावतो. पण ते वर्ष त्याला अजून सलते.

त्याची धाकटी बहीण आता आयटीआयमध्ये इन्स्ट्रुमेंट मेकॅनिकच्या शेवटच्या वर्षाला आहे. तिलाही वीज केंद्रातच उमेदवारी करायची आहे. परवा तिचा फोन आला. म्हणाली, “मामू, भाईजाननं पाच प्रश्न लिहून दिलेत. सही करायच्या आधी तिथं विचारू का? त्यांना राग तर नाही येणार?”

मी म्हटले, “विचार बेटा. उमेदवार आहेस तू.”